पेटीवाले काका

पेटी उघडण्याआधी ते तिच्यावर बोटानं दोनदा टकटक करायचे आणि थोडं थांबायचे, जणू आत कोणी राहतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही त्यांची काही श्रद्धा असणार, आणि मी नजर दुसरीकडे वळवली. महिनाभरानं धीर करून विचारलं. म्हणाले, "विंचू असते जी आतमंदी. त्याले सांगा लागते, आमी येऊन राह्यलो म्हणून."

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस आमच्या प्रकल्पात कसा आला ते मला कधी नीट कळलं नाही. मी रुजू झाले तेव्हा ते होतेच. कारध्याला राहायचे आणि रोज सकाळी वैनगंगेचा पूल ओलांडून जुन्या मोटारसायकलवर भंडाऱ्याच्या ऑफिसात यायचे. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. एसीच्या खोलीत ते पाऊल टाकत नसत. बाहेरच्या व्हरांड्यात खुर्ची घेऊन बसत. अकराच्या ठोक्याला डबा उघडत आणि भिंतीकडे तोंड करून जेवत. कोणी बोलायला गेलं तर हातानंच थांबवत. जेवताना बोललं की दोन्ही कामं बिघडतात असं त्यांचं म्हणणं. मला ते फार सोयीचं होतं. मलाही कोणाशी बोलायचं नसे.

आमचं काम तलावांचं. जिल्ह्यातल्या काही जुन्या तलावांवर आम्ही सेन्सर लावले होते. काही पाण्याची उंची मोजायचे, काही तलावाच्या मातीच्या पाळीत पुरलेले असायचे आणि तिथली ओल सांगायचे. पाळ आतून पाझरायला लागली तर फुटण्याआधी गावाला कळावं, एवढाच हेतू. हे सगळे सेन्सर रेडिओवरून पाळीवरच्या एका लोखंडी पेटीशी बोलत, आणि पेटीशेजारी खांबावर भोंगा होता.

सुरुवातीला पेटी नुसती पोस्टमन होती. आलेला प्रत्येक आकडा नागपूरच्या सर्व्हरला पाठवायची, हिशेब तिकडे व्हायचा आणि भोंगा वाजवायचा की नाही हे तिकडून कळायचं. पाऊस जोराचा झाला की गावची वीज जायची, विजेमागं टॉवर जायचा, आणि ज्या दिवशी पेटीनं बोलायला हवं नेमकी त्याच दिवशी ती मुकी व्हायची. ऑफिसात सगळ्यांना हे माहीत होतं. बोलायचे फक्त काका.

"आमच्या जमान्यात बाजूच्या गावाले फोन लावाचा म्हटलं की पयले भंडाऱ्याले सांगा, भंडारा नागपूरले सांगन, नागपूर मंग इकडं लावून देईन," ते व्हरांड्यातून आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत. "दोन कोस जमीन, आन् आवाज चालला नागपूरले. तेच तुमी आता करून राह्यले. पाणी आंबागडकडं झिरपून राह्यलं आन् विचारता कोणाले? नागपूरले!"

'डेटा' हा शब्द ते वापरत नसत. 'बातमी' म्हणत. बातमी जिथली तिथं तपासायची, शेजारच्याला विचारायची, खरी निघाली तर तिथंच ओरडायचं आणि मग वेळ मिळाला की वर कळवायचं. एवढं त्यांचं शास्त्र होतं. माझ्या कॉलेजात याच गोष्टीवर एक अख्खा विषय होता. त्यात मला चांगले मार्क होते, पण काकांनी दोन वाक्यांत सांगितलं तसं मला कधी सांगता आलं नसतं.

एका तलावावर शिंगाड्याचा वेल वाढला आणि पाण्यावर लटकवलेल्या सेन्सरच्या बरोबर खाली पसरला. सेन्सर पानांनाच पाणी समजू लागला. पंधरा दिवस पाऊस नव्हता आणि सर्व्हरवर तलाव वर चढत होता. नागपूरच्या साहेबांनी तो आलेख एका सादरीकरणातही घातला. काका तलावावर गेले, पाण्यात उतरले आणि वेलाचा एक हातभर तुकडा आणून त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवला. "हे घ्या, तुमचं वाढलेलं पाणी." साहेब हसले नाहीत. पण त्यानंतर पेट्यांमध्ये छोटे संगणक बसवायची मंजुरी मिळाली. आता पेटी स्वतः ठरवणार होती. एक सेन्सर काही सांगू लागला की ती बाकीच्यांना विचारणार होती, आणि टॉवर असो-नसो, भोंगा वाजवणार होती. तिला काय शिकवायचं ते लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

म्हणून मी त्यांच्याबरोबर गावोगाव फिरले. ते पुढे, मी मागे. काका पाळीवर नेहमी अनवाणी चालत, चपला हातात धरून. पावलाला ओल जाणवली की थांबत आणि मला आकडा सांगत. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. एकोणसत्तर म्हणजे किती, हे मला चटकन कळत नसे. दोनदा मी चुकीचं लिहिलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "सहा, नऊ." आणि त्यानंतर कायम तसेच सुटे आकडे सांगत राहिले. त्यावर एक शब्द कधी बोलले नाहीत. मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते, तरी मला 'मॅडम' म्हणत. मी त्यांना काका म्हणायचे, तेही कमीच. शक्यतो मी हाक न मारताच बोलायचे.

आंबागडच्या अलीकडे एक गाव आहे. तिथल्या पाणी समितीच्या अध्यक्ष शेवंताबाई. पन्नाशीच्या, उंच, आणि आवाज असा की पाळीच्या या टोकावरून त्या टोकाला फोन करावा लागत नसे. तलावाखाली लागूनच त्यांच्या धानाच्या दोन बांधी, म्हणजे भाताची खाचरं, होत्या.

"अजी पेटीवाले," त्या लांबूनच सुरू करत, "चपला पायात घालाले घेतल्या का फिरवाले?"

"पायाले समजते जी पाणी. चपलेले नाई समजत."

"मंग पेटी कायले लावली? तुमालेच बसवून ठेवतो न पाळीवर. दोन टाइम जेवाले देऊ."

"मी झोपतो. पेटी झोपत नाई," काका म्हणत. हे वाक्य त्यांनी त्या गावात किती वेळा म्हटलं असेल, सांगता येत नाही. हळूहळू तिथल्या लोकांना ते पटलं. आधी जोराच्या पावसात पाळीवर आळीपाळीनं माणूस बसवायची पद्धत होती. पेटी आल्यावर ती बंद झाली.

पहिल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, त्या गावात आमची फजिती झाली. बैलांना तलावात धुऊन पाळीवरून पलीकडे उतरवतात. उतार ठरलेला, पाळीच्या एका कोपऱ्यात, वर्षानुवर्षं खुरांनी घासून झालेला. त्याच्या पायथ्याला आमचा एक ओलीचा सेन्सर होता. गावचे सगळे बैल निथळत तिथून उतरले, सेन्सर म्हणाला 'ओलं', आणि भोंगा वाजला. बैल उधळले. हळद लावायला बांधलेली एक जोडी अर्ध्या हळदीतच शाळेच्या मैदानात शिरली. आम्ही पोचलो तेव्हा शेवंताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"पोळ्याचे बैल पळवले तुमच्या पेटीनं!"

"खोटं कोठी बोलली? पाणी होतं ना तेथी?" काका शांतपणे म्हणाले. लोक हसले. शेवंताबाईही हसल्या, पण जरा उशिरा.

परतताना वाटेत त्यांनी मला नियम सांगितला. "बैलाचं पाणी संध्याकाळवरी वाळते मॅडम. पाळीचं पाणी वाळत नाई. एकटा तोच सेन्सर ओलं म्हणत असन, तर तिले दोन दिवस वाट पाहाले सांगा. दोन दिवस झाले आन् तरी ओलंच, तं वरडाले सांगा." मी ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. आठवड्याभरात देणगीदार संस्थेचे लोक तलाव पाहायला येणार होते आणि एकही खोटा भोंगा नको होता. मी त्या दुपारी एक ओळ लिहिली. तो सेन्सर ओला आणि बाकीचे कोरडे असतील, तर त्याच्याकडे दुर्लक्ष कर. दोन दिवसांची अट घालायला वेळ मोजण्याचा भाग नव्यानं लिहावा लागणार होता. तो पाहुणे येऊन गेल्यावर करू, असं मी ठरवलं. पाहुणे आले, भोंगा गप्प राहिला, सगळे खूश झाले.

महिन्याभरानं काकांनी व्हरांड्यातून विचारलं, "ते दोन दिवसाचं टाकलं ना, मॅडम?"

मी "हो" म्हटलं.

मला 'करते' म्हणायचं होतं. पण 'करते' म्हटलं असतं तर 'म्हणजे अजून नाही का', 'का नाही', हे सगळं आलं असतं, आणि आत दोघंजण बसलेले होते. 'हो' म्हटलं की बोलणं संपतं. मी आयुष्यभर बोलणं संपवण्यासाठी 'हो' म्हणत आले आहे. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. कोणी एकदा 'हो' म्हटलं की ते परत विचारत नसत.

पुढच्या वर्षी पेट्या इतक्या चांगल्या चालल्या की साहेबांनी काकांच्या फेऱ्याच बंद केल्या. "पेटी स्वतः ठरवते हे तुम्हीच म्हणता ना? मग दर आठवड्याला पाळीवर जाऊन काय करता?" त्या पावसाळ्यात त्यांना शहापूरच्या कृषी प्रदर्शनात उभं केलं. प्लास्टिकच्या टबात तलाव, मातीची इवलीशी पाळ, आणि मागं पांढरा शर्ट घातलेले काका. मी एकदा काही सामान द्यायला गेले होते. ते टबाशेजारी बूट घालून उभे होते. मला पाहून म्हणाले, "पायाची लय आग होऊन राह्यली."

पोळ्याच्या पंधरा-वीस दिवस आधी पाऊस सलग लागला. चौथ्या दिवशी सकाळी शेवंताबाईंचा फोन आला. काका आणि मी गेलो तेव्हा बैलांच्या उताराचा कोपरा खचलेला होता आणि गाव रेतीची पोती टाकत होतं. दुपारपर्यंत पाणी थांबलं. जीव कोणाचा गेला नाही. पण शेवंताबाईंच्या दोन्ही बांधींमध्ये गुडघाभर चिखल होता. महिनाभरापूर्वी रोवणी झालेला धान त्याच्याखाली. चिखलातून फक्त धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, एक झुडूप वर दिसत होतं.

काका अनवाणी त्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि उकिडवे बसले. शेवंताबाई त्यांच्यामागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज त्या दिवशी अगदी लहान होता.

"पेटी काहून नाई वरडली?"

"पाहतो जी."

"दोन वर्षं सांगून राह्यले, पेटी झोपत नाई, तुमी झोपा. झोपलो आमी."

काका उठले, पेटीवर दोनदा टकटक केली, थांबले, आणि मग स्क्रू काढून पेटीच उतरवून घेतली. शेवंताबाई म्हणाल्या, "नेऊन टाका. आमाले नाई पाह्यजे."

पेटीत जमा झालेल्या नोंदींची प्रत मी तिथंच काढून घेतली होती, ती ऑफिसात माझ्या लॅपटॉपवर उघडली. खचण्याआधीचे अडीच दिवस तो कोपऱ्यातला सेन्सर दर पंधरा मिनिटांनी 'ओलं' म्हणत होता. पेटीनं दरवेळी ऐकलं होतं, बाकीच्यांना विचारलं होतं आणि पुढे एक शब्द लिहिला होता: दुर्लक्ष. अडीच दिवसांच्या नोंदी, आणि प्रत्येक ओळीपुढे मी शिकवलेला शब्द. मी खाली सरकवत राहिले. शेवटाला पोचल्यावर लॅपटॉप बंद केला.

चार दिवसांनी साहेब आले. एसीच्या खोलीत मीटिंग झाली. काकांना त्या खोलीत आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ते दाराजवळच्या खुर्चीत बसले. चहा आला. नोंदी पाहून साहेब म्हणाले, सेन्सरनं बरोबर सांगितलं होतं, ते सर्व्हरला आलं असतं तर कोणीतरी पाहिलं असतं. पेटीला ठरवू दिलं, हीच चूक.

"पेटीले जे शिकवलं ते तिनं केलं," काका म्हणाले.

"शिकवलं कोणी?"

खोलीत एसीचा आवाज होता. मी समोरच्या वहीकडे पाहत होते. पान कोरं होतं. मला पक्कं माहीत होतं काय म्हणायचं आहे. तीन-चार शब्दांचं काम होतं, आणि ते मराठीत म्हणावेत की इंग्रजीत, याचा मी विचार करत होते. खरंच तोच विचार करत होते. किती वेळ गेला कोण जाणे.

"फिल्डचे नियम मीच सांगत होतो," शेवटी काका म्हणाले.

साहेबांनी ते लिहून घेतलं. त्या महिन्यानंतर काकांना यायला सांगितलं नाही. पेट्यांमधले संगणक बंद करून पुन्हा सगळं नागपूरला पाठवायचं ठरलं, आणि ते बंद करण्याचं काम माझ्याकडेच आलं. मी एकेका तलावावर जाऊन ते केलं. चपला घालून.

त्यानंतरचे महिने मला फारसे आठवत नाहीत. थकवा आठवतो. पावसाळा संपता संपता दोन मोठे पाऊस झाले, दोन्ही वेळा टॉवर गेले आणि स्क्रीनवर सगळ्या तलावांच्या रेषा मध्येच तुटल्या. सकाळच्या बातम्या दुपारी येत होत्या. कुठं काही फुटलं नाही, ते नशीब. ऑफिसात कोणी काही बोललं नाही, कारण ते बोलणारा माणूस व्हरांड्यात नव्हता. दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी साहेबांना चार ओळींची ईमेल लिहिली. ती ओळ माझी होती, काकांनी सांगितलेला नियम मी घातलाच नव्हता, विचारल्यावर खोटं बोलले. दोन दिवसांनी उत्तर आलं: ठीक आहे, पुढच्या आढाव्यात पाहू.

त्याच आठवड्यात मी कारध्याला गेले. ते अंगणात कोणाच्या तरी मोटरपंपाचा स्टार्टर उघडून बसले होते. काकूंनी बसायला खाट दिली. मी बसले नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, आधी पाठ केलं होतं तसं. ते स्क्रू फिरवत राहिले.

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"मिटिंगच्या पयले. पेटी घरीच आणली होती ना मी. माह्या भाच्याकडून वाचून घेतली. दोन दिवसाचं कोठीच नव्हतं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही? मी समोर बसले होते."

"म्हणूनच." त्यांनी स्क्रू तळहातावर घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमी बसल्या होत्या तेथी. मी वाट पाहून राह्यलो होतो. लय वेळ पाह्यली जी. साहेब घड्याळ पाहाले लागला, मंग बोललो."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. काकूंनी चहा आणून दिला आणि मी तो तसाच हातात धरून उभी राहिले.

"साहेबांना आता लिहिलं आहे मी," मी म्हटलं.

"साहेबाचं शेत बुडलं का?"

मी कप खाटेच्या कडेला ठेवला.

"शेवंताबाईले अजून वाटते पेटी खोटी निघाली. मी खोटा निघालो, ते जाऊ द्या. पण त्या गावात आता ना पेटी आहे ना पाळीवर माणूस. आन् पुढचा पाऊस काही साहेबाले विचारून येत नाई. पेटी घ्याची का नाई हे तिचं तिले ठरवू द्या. पण ठरवाच्या पयले तिले खरं माहीत पाह्यजे."

"तुम्ही चला ना बरोबर, काका."

"मी कायले?" ते पुन्हा स्टार्टरवर वाकले. "चाय प्या. थंडी होऊन राह्यली."

आंबागडकडं जायला दीड तास लागतो. मी स्कूटर तीनदा थांबवली. एकदा पेट्रोलसाठी, दोनदा काहीच कारण नसताना. गावात पोचले तेव्हा सगळीकडे धानाची कापणी चालू होती. तलावाखालच्या त्या दोन बांधी मात्र तशाच होत्या. चिखल वाळून भेगाळला होता आणि शेवंताबाई एकट्याच कुदळीनं त्याची ढेकळं फोडून धुऱ्यावर टाकत होत्या. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. काकांशिवाय त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं.

"कोण, मॅडम? पेटी तं तुमच्या काकानं नेली. आता काय पाहाले आल्या?"

"पाहायला नाही आले," मी म्हटलं. आवाज नीट निघाला नाही, म्हणून धुऱ्यावरून खाली उतरले आणि त्यांच्याजवळ जाऊन पुन्हा म्हटलं. "तुम्हाला सांगायला आले. पेटी खोटी नव्हती. अडीच दिवस सेन्सर ओलं ओलं म्हणत होता. ते ऐकू नको, असं तिला मी शिकवलं होतं. काकांनी नाही. मी."

त्यांनी कुदळ खाली ठेवली नाही. पलीकडच्या शेतात कापणाऱ्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"परत म्हणा," शेवंताबाई म्हणाल्या. "मोठ्यानं म्हणा. त्या बाया बी ऐकू द्या."